इंजिनाला घातलेला हार

पारसआण्णा मगदुमांनी खंडेनवमीच्या सकाळी गाडीच्या इंजिनाला हार घातला, आणि सगळा घोळ तिथून सुरू झाला. जयसिंगपुरातल्या बाकीच्या शहाण्या माणसांनी आपापल्या गाड्यांच्या तोंडाला हार बांधले, नारळ फोडले आणि ती घरात गेली. आण्णा पडले विचार करणारे. "पळतंय कोण? इंजिन. मग हार बंपरला कशाला?" असं म्हणून त्यांनी बॉनेट उघडलं, इंजिनाला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा भलामोठा हार ऐसपैस घातला आणि बॉनेट धाडकन लावून टाकलं. ऐश्वर्या हे सगळं बघत उभी होती. पण त्या दिवशी वडिलांशी वाद घालायची तिची तयारी नव्हती, कारण दुपारनंतर कागलला जायचं होतं.

कागलला सम्मेद होता. तो पंधरवड्यापूर्वी तिला बघून गेला, आणि तेव्हापासून ऐश्वर्यानं दोनदा चहात मीठ घातलं होतं. इतका तो तिला आवडला होता. आता मुलीकडच्यांनी त्यांचं घर बघायचं, तिथं जेवायचं आणि सुपारी फोडायची, एवढंच राहिलं होतं. पण आण्णांना शकुन-अपशकुनाचं भारी वेड. त्यांनी आधीच बजावून ठेवलं होतं की दिवस मावळायच्या आत कागलात पानावर बसलो तर सुपारी फोडायची, नाहीतर ते स्थळ आपलं नव्हे म्हणायचं. मगदुमांच्या जैन घरात सूर्य बुडाल्यावर कुणी तोंडात घास घालत नाही. सोयरिकीच्या पहिल्याच जेवणाला उपाशी उठायची पाळी आली तर आण्णांच्या लेखी तो देवाचाच नकार. आदल्या वर्षी मांजर आडवं गेलं म्हणून त्यांनी एक स्थळ मोडलं होतं. मांजर त्यांच्याच घरचं होतं, पण ते बोलून दाखवायची कुणाची छाती झाली नाही.

दुपार कलल्यावर नव्या साडीचा पदर खोचून ऐश्वर्याच गाडी चालवायला बसली. शेजारी आण्णा, मागं आई चंदना, आईच्या मांडीवर पेढ्यांचे डबे. शिरोली मागं पडली आणि गाडी अशी किंचाळली की रस्त्याकडेचं कुत्रं पळून गेलं. बॅटरीचा लाल दिवा लागला, स्टिअरिंग जड झालं.

"बघ," आण्णा समाधानानं म्हणाले. "वाटच म्हनतीया, जाऊ नका."

"वाट न्हाय, आण्णा. बेल्ट वरडतोय," ऐश्वर्या म्हणाली आणि तिनं गाडी तशीच रेटत कारखान्या-गॅरेजांच्या उद्यमनगरात हुसेन मिस्त्रींच्या दारात नेऊन लावली. मागच्या दिवाळीत याच गाडीचा बेल्ट त्यांनीच बदलला होता.

एरवी उद्यमनगरात यंत्रांच्या खडखडाटानं शेजारच्याशी बोलायचं तरी ओरडावं लागतं. आज सगळीकडं उदबत्तीचा वास आणि शांतता. हुसेनचाचांच्या गॅरेजात लाल कापडावर पाने, पक्कडी, हातोडे ओळीनं मांडलेले, प्रत्येकावर झेंडूचं फूल. त्यांच्या बायको खतिजाचाची येणाऱ्या-जाणाऱ्याला पेढे वाटत होत्या.

बॉनेट उघडलं. सकाळचा हार गायब होता.

"देवाला पोचला," आण्णा हात जोडून म्हणाले.

हुसेनचाचांनी वाकून बेल्टच्या बाजूची एक लहान चाकी बोटानं फिरवून बघितली. ती ढिम्म हलेना. "ह्यो टेन्शनर. बेल्ट ताणून धरायचं काम ह्याचं. चाकी जाम झालीया, म्हनून बेल्ट घासतोय. असंच पळवला तर बेल्ट तुटंल आन् इंजिन तापून बसंल. नवा टेन्शनर माझ्याकडं हाय की."

"मग बदला की, चाचा!"

"आज न्हाय." चाचांनी लाल कापडाकडं बोट दाखवलं. "खंडेनवमीला हत्यार उचलायचं न्हाय. माझं वस्ताद कृष्णात मिस्त्री, त्यांनी पयल्याच दिवशी शपथ घातलीया. माल इकतो, पर पाना उचलनार न्हाय. अख्ख्या गल्लीत कोन उचलनार न्हाय."

"झालं! चला माघारी," आण्णा म्हणाले.

उन्हं तिरपी झाली होती. कागल अर्ध्या तासावर होतं आणि सम्मेदचा 'निघालात का' असा तिसरा मेसेज आला होता. तिला रडू फुटलं. बापापुढं रडायचं नव्हतं म्हणून तिनं डोकं बॉनेटखाली घातलं. डोळ्यांतल्या पाण्यातून तिला इंजिनाखालच्या पत्र्यावर काहीतरी लांबट दिसलं. तिनं हात घालून ते ओढून काढलं. तो लांब दांड्याचा पाना होता.

"माझा सोळा नंबरचा पाना!" हुसेनचाचा एवढ्यांदा ओरडले की समोरच्या दुकानातली माणसं बाहेर आली. मागच्या दिवाळीत बेल्ट बदलताना तो आतच राहिला होता. "वरीस झालं ह्याला हुडकतोय!"

"आन् माझ्या भावाला चोर म्हनत हुता की वो!" खतिजाचाची कडाडल्या. "बिचारा कामिल ईदला जेवायला सुदिक आला न्हाय!"

ऐश्वर्यानं डोळे पुसले. "चाचा, ह्या पान्याची आज पूजा झालीया?"

"न्हाय."

"मग ह्यो कशाला सुट्टीवर?"

हुसेनचाचांनी दाढी खाजवली, आभाळाकडं बघून वस्तादांना मनातल्या मनात विचारलं आणि मान डोलावली. "ह्यो तर वरीसभर झोपलाच हुता. आता उठू दे की." मग स्वतःचे तळवे पुढं केले. त्यांवर हळदकुंकू होतं. "पर माझं हात पूजेत हायत. मिस्त्रीचं पयलं हत्यार हात, असं वस्ताद म्हनायचं. पाना तू धर, मी सांगतो. आन् एकटीचं काम न्हवं. एकानं रेटून धरायचं, एकानं बेल्ट काढायचा."

सगळ्यांनी आण्णांकडं बघितलं. आण्णांनी आभाळाकडं बघितलं. तेव्हा इतका वेळ गप्प बसलेली चंदना गाडीतून एकच शब्द बोलली. "उतरा."

आण्णा उतरले. खतिजाचाचींनी गरम इंजिनासाठी दोघांना जाड फडकी दिली. आण्णांनी पाना अडकवून दात-ओठ खात टेन्शनर मागं रेटला, ऐश्वर्यानं ढिला पडलेला बेल्ट सरकवून काढला. मग तिनं त्याच पान्यानं बोल्ट खोलला. जुना टेन्शनर आण्णांच्या हातात आला.

"उलटा करा," हुसेनचाचा म्हणाले.

आण्णांनी उलटा केला. चाकीच्या मागं दोरा गच्च गुंडाळलेला होता, आणि दोऱ्यात चेंगरलेला, काळा पडलेला, तरीही ओळखू येणारा झेंडू.



"देवाला पोचला व्हय, आण्णा?" ऐश्वर्यानं विचारलं.

खतिजाचाचींना पहिल्यांदा हसू फुटलं, मग चंदनाला, मग समोरच्या दुकानाला. आण्णांनी रागवायचा प्रयत्न करून बघितला, पण तो जमला नाही. त्यांच्या मिशा हलायला लागल्या आणि ते टेन्शनर हातात धरून पोट हलेपर्यंत हसले.

नवा टेन्शनर बसला. "बेल्ट सगळ्या खाचांत बसलाय न्हवं? आता हळूहळू सोडा, झटक्यात सोडला तर बोटं जातील," चाचा सांगत होते. ऐश्वर्यानं चावी फिरवली. गाडी लोण्यासारखी चालू झाली. आणि मघापासून माघारी चला म्हणणारे आण्णाच ओरडले, "बसा की लवकर! दिवस काय तुमच्यासाठी थांबतोय व्हय?"

कागलात शिरले तेव्हा सूर्य उसाच्या शेंड्यांवर टेकला होता. सम्मेद दारात नाही, रस्त्यावरच उभा होता. नवऱ्या मुलीचे हात काळे, गालावर ग्रीसचा पट्टा, आणि ती हसतेय, हे बघून तोही वेड्यासारखा हसायला लागला. त्याचे वडील श्रेणिकराव मात्र काळजीत होते. पारस मगदुमांचं मांजर कागलपर्यंत गाजलेलं होतं.

"उशीर झाला. वाटंत कायतरी आडवं आलतं काय?" त्यांनी भीत भीत विचारलं.



आण्णांनी आपल्या काळ्या तळव्यांकडं बघितलं, मग मुलीच्या तळव्यांकडं. "आलतं की," ते म्हणाले. "मीच आडवा आलतो. हातावर पानी घाला, आन् पानं वाढा."