जिजाचं बोट

तांदूळ निवडत होते आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटात सुई टोचल्यासारखी कळ आली. बघते तर बोट निळं. चहा होईपर्यंत काळंजांभळं, सुजून टम्म. कुठे आपटलं नाही, चेंगरलं नाही, काही नाही. आमच्या फुलपाड्यात बातमी पसरायला कितीसा वेळ लागतो? शेजारची मनोरमा आली आणि बोट बघायचं सोडून आमच्या ह्यांच्याकडेच टक लावून बसली. प्रल्हाद म्हणजे माझा नवरा. झुरळ मारायलासुद्धा मला हाक मारतो, आणि संशय त्याच्यावर.

डॉक्टर म्हणाले, "बारीक शीर आतल्या आत फुटली असेल. होतं कधीकधी. आपोआप जाईल."

प्रल्हादचं समाधान होईना. मला न विचारता बूथवर गेला आणि अर्नाळ्याला माझ्या भावासाठी फोन लावला. भावाकडे फोन नाही, त्याच्या शेजारच्या लूर्डसकडे निरोप ठेवायचा.

आता बळीराम माझा सख्खा धाकटा भाऊ, पण दोन वर्षं आमचा अबोला. त्याने मासेमारीला नवी बोट घेतली. मी म्हटलं, नाव आईचं दे. हा म्हणाला, नाव मी ठरवलंय. म्हणजे बायकोचंच, दुसऱ्या कोणाचं? 'रोशनी' लिहिलेल्या बोटीला ओवाळायला माझी चप्पलसुद्धा जाणार नव्हती. अर्नाळ्याचं नाव या घरात काढायचं नाही, असं प्रल्हादला बजावून टाकलं. माझं कोणावाचून अडत नव्हतं. फक्त भाऊबीजेला मेलं दिवसभर कशात लक्ष लागायचं नाही.

संध्याकाळी बळीराम दारात. अनवाणी, धापा टाकतोय. माझ्या बोटासाठी धावत आला म्हणून मला भरून आलं, पण दाखवते कशाला?

"बाय, बोट कुठं हाय?"

"कुठं असणार? हे काय." मी हात पुढे केला. त्याने बघितलंही नाही.

"पान्यात होती ना?"

"पाण्यात रोजच असतं. भांडी काय तुझी रोशनी येऊन घासते?"

"मानसं वाचली का, ते सांग."

"माणसांना काय धाड भरलीय?"

त्याने कपाळावर हात मारला. "अगं, लूर्डस सांगत आली. भावोजींचा फोन, जिजा बोट अचानक काळी पडली म्हनून. पोरं सकाळपासून तिलाच घेऊन समुद्रात गेलीत. मला वाटलं, पेटली."

"जिजाचंच, माझंच बोट काळं पडलंय. दुसऱ्या कोणाचं पडणार?"

"तुझं नाय गं. माझी बोट. तिचं नाव जिजा."

मी प्रल्हादकडे बघितलं.

"तूच म्हणाली होतीस," तो पुटपुटला, "अर्नाळ्याचं नाव काढायचं नाही."

बळीराम तिथेच लादीवर बसला. "आईच्या मागं मला कोनी वाढवला? मग दुसरं कोनाचं नाव देनार?"

मी पदराला डोळे पुसले. प्रल्हादने हळूच विचारलं, फार दुखतंय का.

मग मात्र माझं डोकं फिरलं. "उद्या सकाळी मी अर्नाळ्याला येतेय," बळीरामला म्हटलं. "दोन वर्षं बहिणीने ओवाळल्याशिवाय तिला समुद्रात घालतोस, लाज नाही वाटत?"