टाचेमागचा टाका

आमच्या कारखान्यात कामावर येणाऱ्या बाईचे तळवे आता फरशीतल्या तांब्याच्या पत्र्याला सोल्डर करतात, वितळलेल्या कथलाचे टाके मारून. कारण साधं आहे. आम्ही इलेक्ट्रॉनिक बोर्डावर बसवलेले कनेक्टर केबल ओढली की उपटून यायचे, आणि राजोपाध्ये साहेबांच्या मते बाई जागेवर टिकली तरच तिचा टाका टिकतो.

बायकांना टाके मारायचं काम माझ्याकडे आलं. येणारच. माझ्या टाक्याला आजवर कुणी नाव ठेवलेलं नाही, ठेवून तर बघा म्हणावं!

यमुना माझ्या शेजारच्या टेबलावर काम करते. आज तिच्या लेकीची हळद होती. तिनं रजा मागितली तर साहेब म्हणाले, "छताच्या साखळीच्या आकड्यानं ओढून बघू. सुटलीस तर जा."

मी तिच्या पायाशी बसले, तशी ती कुजबुजली, "कौसल्या, बोटांशी कथील हवं तेवढं चमकव. टाच तेवढी कोरी ठेव गं."

तिला पक्कं ठाऊक होतं. पत्र्यावर नुसत्या टेकलेल्या पायाचा सगळा जोर टाचेमागच्या टाक्यात असतो. आणि साहेब समोरूनच बघतात.

"ठेवते गं बाई," मी म्हटलं. अगदी मनापासून म्हटलं. पण हात मेला ऐकेल तर शपथ! कथील नीट धरावं म्हणून फ्लक्स लावला, पत्रा आणि टाच बरोबरीनं तापवली, कथलाची तार टेकवली. कथील टाचेमागं असं सुरेख चढलं! मला इतका आनंद झाला की तिच्याकडं बघायचंच राहिलं.

वरून आकडा आला आणि तिच्या कमरेच्या पट्ट्यात अडकला. साखळी ताणली गेली. यमुना आधी हसत होती. टाच हलेना, तेव्हा तिनं माझ्याकडं बघितलं.

"कौसे, काय केलंस?"

ती घोट्यांपाशी तुटली. रक्त आलं नाही. आकडा तिला छताखालून घेऊन गेला, पण दाराकडं नाही, मागच्या गोदामाकडं. पाय जागच्या जागी राहिले, लेकीच्या लग्नासाठी घेतलेली नवी जोडवी घालून.

साहेबांनी वाकून पाहिलं. "जोड सुटला नाही. पास," ते म्हणाले. "आता तुझे पाय तूच जोड. दुसऱ्या कुणाचा टाका चालायचा नाही."

मी खाली बसले. वस्तीतून सनई ऐकू यायला लागली, तशी शेजारची जोडवी थरथरून वाजू लागली. टाच कोरी ठेवायची, मी हाताला बजावलं. हात फ्लक्सची डबी उघडत होता.