युनन पुढे खेळणार

माझी मुलगी ओरला, तिचा नवरा लॉरकन. आमच्या किलनामोरमध्ये त्यानं घर बांधलं, दोन वर्षं आमच्याच संघातून गेलिक फुटबॉल, आमचा हा आयरिश खेळ, खेळतो, तरी मूळचा तो शेजारच्या डेरीनारचा. क्लबचं नाव बदलून घेता येतं कागदावर, रक्त थोडंच बदलतं?

एरवी मी हे मनातच ठेवलं असतं. पण यंदा एकसष्ट वर्षांनी आम्ही जिल्ह्याच्या फायनलला पोचलो, आणि समोर कोण, तर डेरीनार. त्यांच्याकडे सात कप, आमच्याकडे ठेवायला कपाटसुद्धा नाही. मी निवड समितीत. वय अडुसष्ट. कप बघून डोळे मिटावेत, एवढीच इच्छा उरलेली.

मंगळवारी लॉरकनची गाडी डेरीनारच्या मैदानाबाहेर दिसली. विचारलं तर म्हणे, आईला औषधं द्यायला गेलो होतो. आईचं घर मैदानाला लागून आहे, मान्य. पण औषधं द्यायला पाऊण तास?

मी आमच्या मॅनेजरला, टर्लॉला, गाठलं. "त्याला खोटी टीम सांगून बघू."

"अरे मॅलकी, जावई आहे तो तुझा."

"म्हणूनच तर."

खोटी टीम आमच्याकडे सगळेच सांगतात. छापील यादीवर तर कुणी काडीचाही विश्वास ठेवत नाही. मी लॉरकनला एकट्याला बाजूला घेऊन सांगितलं, की आपला ताडमाड युनन या वेळी मधे नाही, थेट गोलासमोर खेळणार. कुणाला बोलू नकोस. तो "बरं" म्हणाला. एवढ्या सरळ "बरं" म्हणणाऱ्या माणसाचा मला संशयच येतो.

शनिवारी संध्याकाळी चर्चमधली मिस्सा सुटली. पाद्री दोन्ही गावांना मिळून आता एकच उरलाय, त्यामुळे डेरीनारचे लोकही येतात. त्यातला एक जण दारातच मला डोळा मारून म्हणाला, "काय, युनन पुढे का?"

झालं. मला आणखी कसला पुरावा हवा होता? रविवारी लॉरकन बाकावर. टर्लॉनं त्याला कारण सांगितलं नाही, मी सांगू दिलं नाही. लॉरकननं माझ्याकडे एकदा बघितलं आणि जर्सीवर कोट चढवला.

आमच्या फ्री किक मारणारा तोच, त्यामुळे पहिल्या अर्ध्यात तीन हुकल्या. गोलापाशी पांढऱ्या कोटात उभ्या असलेल्या पंचांवरही माझी नजर होती. त्यातला एक आमचा पॉइंट झाला की झेंडा जरा सावकाशच हलवायचा. मध्यंतराला आम्ही चार पॉइंटांनी मागे.

तेवढ्यात माझी बहीण नोरीन चहाचा थर्मास घेऊन कठड्यापाशी आली. तिला डेरीनारलाच दिलीय.

"काय रे मॅलकी, सख्ख्या बहिणीला फसवतोस? युनन तर मधेच खेळतोय. तुझ्या शब्दावर मी गावभर सांगत सुटले, आता सगळे मला हसतायत."

तिनं ओतून दिलेला चहा मी कठड्यावर ठेवला. शुक्रवारी तिचा फोन आला होता. पुढे कोण खेळणार, म्हणून तिनं खोदून खोदून विचारलं. खरं सांगायचं नव्हतं, म्हणून जिभेवर तयार असलेलीच थाप मी तिलाही ठोकून दिली होती, आणि साफ विसरलो होतो.

तेव्हाच टर्लॉकडे जायला हवं होतं. नाही गेलो. लाज वाटली. कपासाठी जीव टाकणारा मी, वीस मिनिटं तोंड शिवून उभा राहिलो, आणि आमच्या आणखी दोन फ्री बाहेर गेल्या. दर वेळी लॉरकन बाकावरून उठून पोरांना धीर देत होता. शेवटी मला ते बघवेना.

"टर्लॉ, लॉरकननं काही फोडलं नाही. नोरीनला मीच बोललो होतो."

टर्लॉनं मला जी शिवी हासडली ती इथे सांगता यायची नाही. मग बाकाकडे वळून तो म्हणाला, "लॉरकन, कोट काढ."

लॉरकन तीन हातांवर होता. त्यानं सगळं ऐकलं होतं.

आम्ही अजून चार पॉइंटांनीच मागे होतो, हातात दहा मिनिटं. त्यानं तीन फ्री गोलाच्या आडव्या दांडीवरून पार केल्या, दर वेळी एक पॉइंट, आणि चौथा पळता पळता मारला. बरोबरी. शेवटची फ्री डेरीनारच्या प्रेक्षकांच्या पुढ्यातच मिळाली. ते त्याला घरभेद्या म्हणून ओरडत होते, त्यात त्याचा सख्खा भाऊही होता. त्यानं मान खाली घालून चेंडू मारला. पंचानं पांढरा झेंडा हलवला, आणि आम्ही एका पॉइंटनं जिंकलो.

अख्खं किलनामोर मैदानात उतरलं. मी ढसाढसा रडलो. लॉरकन मात्र बाजूला एकटाच उभा होता. त्याच्याबरोबर शाळेत शिकलेली डेरीनारची पोरं हातही न मिळवता त्याच्या जवळून निघून गेली. मी गेलो आणि हात पुढे केला.

"चुकलो रे मी."

त्यानं हात घेतला नाही. रागावलाही नाही, तेच वाईट.

"आज तिकडचे माझ्याशी बोलणार नाहीत, हे मी धरूनच चाललो होतो," तो म्हणाला. "इकडचे तरी आपले आहेत, असं वाटायचं."

मी काही बोलणार तोच फाटकातून ओरला धावत येताना दिसली. हसत होती, दोन्ही हात वर.

"मी आधीपासून का खेळलो नाही, हेच ती सगळ्यात पहिलं विचारेल," लॉरकन म्हणाला. "तुम्हीच सांगा."

आणि तो दोन पावलं मागे सरकला.