जरा जास्त फॉर्मालिन

"काका, यात काय घातलंत?"

"फॉर्मालिन. मग काय, कुजू द्यायचं?"

मी कपाळाला हात लावला. काका आमच्या लॅबमधले मायक्रोस्कोपवाले. अख्खी हयात भिंगाला डोळा लावून जंत आणि अमिबा शोधण्यात गेली. नमुना आला की आधी फॉर्मालिन, मग बाकीचं. माझ्या खोलीत पीसीआरचं मशीन आल्यापासून मी घसा कोरडा करून सांगत होते, की हे मशीन किडा बघत नाही, त्याचा डीएनए शोधतं, आणि फॉर्मालिन त्या डीएनएचीच वाट लावतं. दारावर पाटीसुद्धा ठोकली. पालथ्या घड्यावर पाणी. काकांनी त्या पाटीच्या खिळ्याला आपला ॲप्रन टांगला.

एरवी नमुना परत पाठवून मी मोकळी झाले असते. पण हा पू काकूंच्या, म्हणजे काकांच्या बायकोच्या, यकृतातल्या गळवाचा होता. गळू अमिबाचं असेल तर गोळ्यांवर भागणार होतं, नाहीतर ऑपरेशन. काकांना भिंगाखाली काही दिसलं नव्हतं, म्हणून डॉक्टर माझ्या रिपोर्टसाठी थांबले होते.

तरी मी मशीन लावलं. काहीच आलं नाही. आता अमिबा नव्हताच, की फॉर्मालिननं त्याचा माग पुसला, हे कोण सांगणार?

"पुन्हा सुई घालावी लागेल," मी चिडूनच म्हणाले. "किती वेळा सांगितलं होतं तुम्हाला."

काका खुर्चीत बसले. "सगळ्यांच्यात घालतो तेवढंच घालणार होतो," ते म्हणाले. "हिचं म्हणून जरा जास्त घातलं."

माझा राग गेला नाही.

काकूंना सांगायला वॉर्डात मीच गेले. "ह्यांचं असंच," काकू म्हणाल्या. "घरी औषधाच्या बाटलीचं झाकण इतकं घट्ट लावतात की मला उघडत नाही. टोचा पुन्हा. फक्त ह्यांना बाहेर उभं करा, ह्यांच्यानं बघवत नाही."

दुपारी दार वाजलं. काका उंबऱ्याबाहेरच उभे होते, बर्फाचा डबा दोन्ही हातांनी छातीशी धरून.

"काही घातलं नाही गं," ते म्हणाले. "झाकणसुद्धा उघडलं नाही."

मी डबा धरला, तरी त्यांची बोटं सुटेनात.