एक्केचाळीस दिवस ओला

मी एक कुर्ता आहे. मोरपिशी रंगाचा, हातमागाच्या सुताचा, पाऊण बाह्यांचा. पोलिसांच्या कागदावर माझं वर्णन वेगळं आहे. "एक वापरता लेडीज कुर्ता, निळसर हिरवा, उजवा खिसा उसवलेला, ठिकठिकाणी बुरशी." दोन्ही वर्णनं खरी आहेत. मधल्या काळात काय झालं, तेवढं सांगतो.

कसब्यात हुस्नबानू आणि रज्जाक या नवरा-बायकोचं शिवणकामाचं दुकान आहे. रज्जाकभाईंनी मला बेतलं, हुस्नबानूंनी शिवलं. जिच्यासाठी शिवलं ती मुलगी हिंजवडीत नोकरीला होती. मूळची वर्ध्याकडची. तिचं खरं नाव मी सांगणार नाही, कायद्यानेही ते सांगायचं नसतं. पोलीस ठाण्यात मात्र ते चहावाल्यापर्यंत सगळ्यांना माहीत होतं. तिला आपण प्रियदर्शनी म्हणू.

"खिसा हवाय?" हुस्नबानूंनी मापं घेताना विचारलं होतं. "कुर्त्याला खिसा कुणी मागत नाही गं."

"मला हवाय. पर्स सांभाळायचा कंटाळा येतो."

त्यांनी खिसा लावला, दुहेरी शिलाईचा. मी तिचा आवडता झालो. आठवड्यातून एकदा तरी ती मला घालायची, आणि धुतल्यावर सावलीत वाळत घालायची, रंग उडू नये म्हणून.

एका शनिवारी तिच्या मॅनेजरने, अनिरुद्धने, तिला दुपारी ऑफिसात बोलावलं. सोमवारी काम पूर्ण करून द्यायचं होतं. टीममधले आणखी दोघं येणार होते म्हणे. ते आले नाहीत. त्या मजल्यावर त्या दुपारी काय झालं, ते मी सांगणार नाही. ते सांगण्याचा हक्क तिचा. तो तिला एकदाच वापरावा लागायला हवा होता. माझ्यासमोर तिला ते चार वेळा सांगावं लागलं, आणि माझ्यामागे किती वेळा ते मला माहीत नाही.

हॉस्टेलवर येऊन ती अंगातल्या कपड्यांनिशी नळाखाली बसली. तिची खोलीतली मैत्रीण मेहजबीन दारावर थापा मारत होती. दार उघडलं तशी मेहजबीनने आधी नळ बंद केला.

"धुवू नकोस काही. प्लीज. कपडे लागतील पोलिसांना."

तोवर माझा उजवा खांदा आणि पाठ भिजली होती. मेहजबीनने मला उशीच्या अभ्र्यात ठेवलं आणि दोघी निघाल्या. अभ्रा सुती होता. मला श्वास घेता येत होता.

पहिल्या पोलीस ठाण्यात टेबलामागच्या अंमलदाराने विचारलं, "ऑफिस कुठं आहे?"

प्रियदर्शनीने सांगितलं.

"मग तिकडे जा. तुमचं हॉस्टेल आमच्या हद्दीत, घटना नाही."

"कुठल्याही ठाण्यात तक्रार घेतात ना?" मेहजबीन म्हणाली.

"वकील आहात का आपण?"

दोघी उठल्या. दुसऱ्या ठाण्यात महिला अधिकारी बंदोबस्ताला गेल्या होत्या. तिथे बाकावर चार तास गेले. येणारा-जाणारा प्रत्येक जण विचारायचा, "काय केस आहे?" आणि कुणीतरी तिच्यादेखत उत्तर द्यायचं.

उपनिरीक्षक कल्याणी मॅडम आल्या तेव्हा दमलेल्या होत्या. त्या वाईट नव्हत्या. त्यांनी प्रियदर्शनीला आत नेलं, दार लावून घेतलं, पाणी दिलं. मग जबाब सुरू झाला. ती बोलायची, मॅडम ते सरकारी मराठीत फिरवून सांगायच्या आणि शिपाई टाइप करायचा.

"ओरडली का नाहीस?"

"आवाजच फुटला नाही. मला हलताच येईना मॅडम. हात माझे आहेत असंच वाटेना."

कल्याणी मॅडमनी मान हलवली. मग शिपायाला म्हणाल्या, "लिही. मी त्यावेळी कोणताही प्रतिकार केला नाही."

मेहजबीन बाहेर होती. प्रियदर्शनीने छापलेली पानं हातात घेतली, पण वाचली नसावीत. डोळे ओळींवरून नुसते फिरत होते. तिने सही केली.

मला अभ्र्यातून काढून टेबलावर पसरलं गेलं. दोन पंच आणले. खिसा उसवलेला आहे, पाठ ओली आहे, असं लिहिलं. मला आधी वाळवायचं आणि मग कागदात बांधून लाखेचं सील लावायचं, असा नियम आहे. कागदी पाकिटं संपली होती. कुणीतरी मिठाईच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी आणली, मला तिच्यात कोंबलं, वर गाठ मारली आणि मुद्देमाल सांभाळणाऱ्या हवालदारांच्या टेबलाखाली सरकवलं. "उद्या सील करू," असं म्हणाले.

तो उद्या एक्केचाळीस दिवसांनी उजाडला.

ओल्या कपड्याला प्लास्टिकमध्ये काय होतं, ते कुठल्याही घरातल्या बाईला विचारा. आधी वास येतो. मग काळे ठिपके येतात, ते पसरतात. माझ्यावर अनिरुद्धचं जे काही होतं, जे तिच्या बाजूने बोललं असतं, ते त्या ठिपक्यांनी रोज थोडं थोडं खाल्लं. मला ते कळत होतं आणि मला काहीही करता येत नव्हतं.

वासामुळेच हवालदार कोंडीराम खाली वाकले. निवृत्तीला चार-पाच वर्षं राहिलेले, जाड चष्म्याचे, हळू बोलणारे. पिशवी उघडून त्यांनी मला बाहेर काढलं आणि कितीतरी वेळ तसेच धरून उभे राहिले. मग त्यांना सुचलं ते केलं. मला व्हरांड्यातल्या खिडकीच्या गजांवर वाळत घातलं.

नेमकी त्याच दिवशी प्रियदर्शनी पुरवणी जबाबासाठी आली होती. सोबत वर्ध्याहून आलेली आई, दुर्गाबाई. व्हरांड्यात पाच-सहा माणसं उभी होती, कुणी पासपोर्टसाठी, कुणी हरवलेल्या फोनसाठी. त्या सगळ्यांसमोर मी उलटा लटकत होतो.

तिने मला ओळखलं. जवळ आली. अगदी हळू म्हणाली, "काका, तो माझा आहे."

कोंडीरामांना आधी कळलंच नाही. कळलं तसं त्यांनी मला गजावरून ओढून काढलं, पोटाशी धरलं.

"माझ्या लक्षात आलं नाही बाई. चुकलं माझं."

दुर्गाबाई मात्र गप्प राहिल्या नाहीत. "लुगडी वाळू घालून राहिले का जी तुमी इथं? माह्या पोरीची अब्रू हाय ते. तिले दोन घंट्यापासून उभी ठेवली तुमी, अन् तिचा कपडा गजावर टांगला!"

मग मला कागदात बांधलं गेलं, सील लागलं, आणि मी प्रयोगशाळेत गेलो. तिथून अहवाल आला. बुरशीमुळे नमुना खराब, निष्कर्ष काढता येत नाही.

खटला उभा राहायला तीन वर्षं लागली. त्या काळात प्रियदर्शनीची नोकरी गेली. म्हणजे कुणी काढलं नाही. तिची टीम बदलली, मग काम देणं बंद झालं, मग तिनेच राजीनामा दिला. अनिरुद्धला दोन महिन्यांत जामीन मिळाला आणि दुसऱ्या कंपनीत मोठं पद मिळालं. हे मी मुद्देमालाच्या खोलीत हवालदारांच्या गप्पांमधून ऐकलं.

कोर्टात सुनावणी बंद दाराआड झाली. माझं सील फोडलं. बचावाच्या वकिलांनी मला पेन्सिलीच्या टोकाने उचलून धरलं.

"यावर माझ्या अशिलाचा काहीही अंश सापडलेला नाही. बरोबर?"

"अहवालात तसं..." प्रियदर्शनी म्हणाली.

"आणि खिसा. कच्ची शिलाई असेल तर खिसे उसवतात. बरोबर?"

"कच्ची नव्हती."

"आपल्याच जबाबातलं वाक्य वाचतो. 'मी त्यावेळी कोणताही प्रतिकार केला नाही.' सही आपलीच ना?"

"मी असं म्हटलं नव्हतं. मी म्हटलं होतं, मला हलता येईना."

"सही आपलीच ना?"

"हो."

पुढच्या तारखेला कोंडीराम साक्षीला आले. सरकारी वकिलांनी नेहमीचा प्रश्न विचारला, मुद्देमाल व्यवस्थित सीलबंद होता ना. त्याला नेहमीचं उत्तर असतं, होय. सगळे ते उत्तर गृहीत धरून कागद चाळत होते.

"नाही साहेब," कोंडीराम म्हणाले. "एक्केचाळीस दिवस माझ्या टेबलाखाली प्लास्टिकच्या पिशवीत होता. ओला. त्यावर काही सापडलं नाही, ते आमच्यामुळे. त्या मुलीमुळे नाही."

सरकारी वकिलांनी कपाळाला हात लावला. बचावाचे वकील उठून उभे राहिले, त्यांचा चेहरा उजळला होता. पुरावा नीट जपला नाही हे पोलिसांनीच कबूल केलं होतं. कोंडीरामांना ते माहीत नव्हतं असं नाही. तरी ते बोलले. पुढच्या महिन्यात त्यांची चौकशी लागली.

निकाल आला. संशयाचा फायदा देऊन आरोपी निर्दोष. शेवटच्या पानावर माझ्यासाठीही एक ओळ होती. मुद्देमाल क्रमांक सात निरुपयोगी असल्याने अपिलाची मुदत संपल्यावर नष्ट करावा.

खरं सांगतो, मला बरं वाटलं. मला कुणी घालणार नाही. मला धुताही येणार नाही. जळून गेलो तर निदान तिच्या अंगावरचा म्हणून कुणी मला पेन्सिलीने उचलणार नाही.

गेल्या मंगळवारी प्रियदर्शनी ठाण्यात आली. कल्याणी मॅडम मुद्देमालाच्या खोलीतच यादी तपासत होत्या. प्रियदर्शनीने अर्ज पुढे केला.

"मी हायकोर्टात अपील केलंय. निकाल लागेपर्यंत कुर्ता नष्ट करायचा नाही. पोच द्या."

"अगं, त्यावर आता काही उरलेलं नाही. परत तेच सगळं, परत तेच प्रश्न. कशाला?"

"त्यावर काय होतं आणि ते कशाने गेलं, ते दिसायला हवं म्हणून." मग ती म्हणाली, "आणि मॅडम, तुम्ही लिहिलेलं वाक्य मला पाठ झालंय. मी म्हटलेलं तुम्हाला आठवतं का?"

कल्याणी मॅडमनी अर्ज वाचला. शिक्का मारला, सही केली. पोच देताना त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

"हलता येईना म्हणाली होतीस," त्या म्हणाल्या. "आठवतं."

"वरच्या कोर्टात सांगाल?"

यादी घेऊन मॅडम बाहेर गेल्या. प्रियदर्शनी थोडा वेळ तिथेच उभी राहिली, माझ्या पाकिटाकडे बघत. हात लावायला परवानगी नसते. तिने लावला नाही.

तर सध्या मी या फळीवर आहे, वरून तिसऱ्या. खाली चोरीच्या सायकली आहेत आणि कोपऱ्यात उंदीर आहेत. माझं सूत आता बोट लागलं तरी फाटेल. मला जायचं होतं. पण तिला मी हवा आहे, असाच, ठिपक्यांसकट. तिला हवं तोवर मी राहीन.