दारातलं पोतं

टेंपोवाल्याने गव्हाचं पोतं फाटकाशी, गटाराच्या काठावर टाकलं. म्हातारा "अरे, ओट्यावर तरी ठेव!" म्हणेपर्यंत गाडी वळणापलीकडे गेलीसुद्धा.

पोतं शहरातल्या पोराने पाठवलेलं. ते यायला हवं होतं थंडी पडायच्या आत, आलं अर्धी थंडी सरल्यावर. तोवर घरात एक वेळच चूल पेटायची. ताटावर बसलं की म्हातारा-म्हातारी दोघंही "मला आज भूक नाही" म्हणायची आणि एकमेकांचं खरं मानल्यासारखं करायची.

आभाळ सकाळपासून भरून आलेलं. कालच्या अवकाळी पावसाचा चिखल अजून वाळला नव्हता.

"शेजारणीला हाक मारू का?" म्हातारीने विचारलं.

"एका पोत्यासाठी? उद्या घास भरवायलाही तिलाच बोलव!"

"अहो, परवा खाटेवरून उठताना मला धरून उठलात."

"तू गप बस. भिजलं तर खाशील काय?"

तरुणपणी तो गिरणीत हमाल होता. पाठीवर दोन-दोन पोती घेऊन फळी चढायचा. लोक त्याला 'इंजिन' म्हणायचे. अजूनही म्हणतात, फक्त आता हसून म्हणतात.

त्याने खुंटीवरचा जुना हूक काढला, पोत्याच्या कोपऱ्यात रुतवला आणि ओढलं. पोतं ढिम्म. डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणून फाटकाला टेकला. पुन्हा ओढलं. एवढ्यात पावसाचे दोन थेंब मानेवर पडले आणि त्याचा धीर सुटला. हाताला जोर नव्हता, म्हणून त्याने सगळं अंगच हुकावर टाकलं.

टर्रकन पोतं फाटलं. म्हातारा चिखलात बसला आणि गहू भसाभसा गटारात निघाला.

त्याने भोकावर दोन्ही पंजे दाबले. दाणे बोटांमधून निसटतच राहिले. उठायला गेला तर पाय दुसऱ्याच कुणाचे असल्यासारखे पडून राहिले. तेवढ्यात शेजारणीच्या शेळ्या आल्या.

"हट! हट म्हणतो ना!"

एका शेळीने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा तोंड खाली घातलं. त्याने चिखलाचा गोळा फेकला, तो त्याच्याच गुडघ्यापाशी पडला. शेळ्या त्याच्या हाताला तोंड लावून खात होत्या आणि म्हाताऱ्याला रडू आलं.

म्हातारी ओट्याच्या पायऱ्या बसत बसत उतरत होती. शेवटच्या पायरीवर तिचाही दम संपला. मग तिने नवऱ्याला न विचारता हाक मारली.

शेजारीण धावत आली. आधी शेळ्या हाकलल्या, मग म्हाताऱ्याला काखेत हात घालून उठवलं आणि पायरीवर म्हातारीशेजारी बसवलं. पोत्याचं फाटलेलं टोक पिळून धरलं, उरलेलं पोतं एका बगलेत मारलं आणि आत नेऊन ठेवलं.

"आजोबा, आधीच हाक मारायची की!" म्हणत ती शेळ्यांमागे गेली. पाऊस लागला. गटारातला गहू गढूळ पाण्याबरोबर चालला.

"एवढंसंच राहिलं होतं," म्हातारा म्हणाला. "एवढं तर मीसुद्धा उचललं असतं."

"हो," म्हातारी म्हणाली.

मग दोघं तिथेच भिजत बसून राहिली. वर ओट्यावर जायला तीन पायऱ्या होत्या, आणि आधी कोण उठणार हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.