टेबलाखालचं थँक्सगिव्हिंग

टीगन आणि बून आमच्याकडे राहायला आले तेव्हा थँक्सगिव्हिंग, आमचा नोव्हेंबरातला आभार मानायचा सण, तीन आठवड्यांवर आलं होतं. टीगन दहा वर्षांची, तिचा भाऊ बून पाचाचा. त्यांची आई दारू सोडण्यासाठी उपचार केंद्रात दाखल झाली होती. ती बरी होऊन बाहेर येईपर्यंत मुलांना सांभाळायचं काम बालकल्याण खात्यानं मला आणि माझ्या नवऱ्याला, वर्लिनला, दिलं होतं.

आम्हाला हे नवं नव्हतं. आमची लेक सॉल्वेग तिच्या संसाराला लागल्यापासून आमच्या वरच्या खोल्यांत अशी बरीच मुलं राहून गेली आहेत. शिवाय मी आयुष्यभर आमच्या तळ्यावर पोरांना पोहायला शिकवत आलेय. मूल घाबरून काठावर उभं असतं तेव्हा त्याला ढकलायचं नसतं, आणि त्याच्या मिनतवाऱ्याही करायच्या नसतात. आपण कमरेएवढ्या पाण्यात उभं राहायचं आणि बाकीच्या पोरांशी गप्पा मारायच्या. ते आपसूक येतं. मिनेसोटातलं पाणी जूनमध्येसुद्धा दातावर दात वाजवतं, तरी येतं.

टीगन तशी काठावर उभी होती. उद्धट नव्हती, रडकी तर नव्हतीच. सांगितलेलं सगळं करायची, ताट उचलून ठेवायची, आणि बूनच्या बाबतीत कोणाला मध्ये पडू द्यायची नाही.

"मी त्याचे केस विंचरू का?" मी एकदा विचारलं.

"नको. तुम्हाला जमणार नाही. तो ओरडतो."

"तू विंचरतेस तेव्हा नाही ओरडत?"

"ओरडतो. पण मला सवय आहे."

मी कंगवा तिच्या हातात दिला.

बुधवारी सॉल्वेग तिच्या आठ वर्षांच्या मुलाला, एमेटला, घेऊन आली. थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी सगळ्यांनी मिळून लेफ्से करायचे, हा आमच्या घरचा रिवाज. लेफ्से म्हणजे आमच्या नॉर्वेच्या पूर्वजांकडून आलेली बटाट्याची पातळ पोळी. शिजवलेल्या बटाट्यात लोणी, साय आणि मैदा घालून मळायचं, जवळजवळ आरपार दिसेल इतकं पातळ लाटायचं आणि लांब चपट्या काठीनं अलगद उचलून तव्यावर टाकायचं. उचलताना निम्मे फाटतात. मुलांना त्यातच गंमत वाटते.

"आजी, हा नॉर्वेच्या नकाशासारखा झाला!" एमेट ओरडला.

"मग खाऊन टाक लगेच. उद्या पुरावा नको," सॉल्वेग म्हणाली.

बून मैद्याच्या परातीत कोपरापर्यंत बुडाला होता. "मला मिशा आल्या!" म्हणून त्यानं तोंडाला पीठ फासलं आणि आमच्या घरात आल्यापासून पहिल्यांदा खदखदून हसला. टीगन दारात उभी राहून बघत होती. मी एका गरम लेफ्सेला लोणी-साखर लावून गुंडाळी केली आणि तिच्या हातावर ठेवली. तिनं खाल्ली.

"आमच्याकडे हे नसतं," ती म्हणाली.

"तुमच्याकडे काय असतं?"

"काही नाही." आणि ती वर निघून गेली. मी तिच्या मागे गेले नाही. तव्यावर लेफ्से होता.

गुरुवारी सकाळी टर्की ओव्हनमध्ये गेली, टीव्हीवर थँक्सगिव्हिंगची मिरवणूक सुरू झाली आणि मुलं कागदाची पानं कापायला बसली. लाल, पिवळी, नारिंगी. आमच्याकडे प्रत्येकानं एका पानावर लिहायचं की या वर्षी कशाबद्दल आभार मानायचे. नाव घालायचं नाही. पानं बर्चच्या वाळक्या फांदीला दोऱ्यानं बांधायची, आणि जेवायला बसलं की एकेकानं एक पान काढून वाचायचं. बाकीच्यांनी ओळखायचं कोणाचं ते. टीगननं सगळ्यांसाठी पानं कापून दिली. एवढ्या सुबक शिरा काढल्या होत्या तिनं त्यांवर, की वर्लिनसुद्धा थांबून बघत राहिला.

दुपारी वर्लिनचा थोरला भाऊ आर्लन आला. त्याची बायको इंग्रिड जाऊन दोन वर्षं झाली, पण ती करायची तशी हिरवी जेली तो आता स्वतः करून आणतो. आत गाजराचा कीस असतो. आम्ही सात जण टेबलाभोवती बसलो. टर्की, पावाचं सारण, कुस्करलेले बटाटे, क्रॅनबेरीचा मुरंबा, लेफ्सेची चळत आणि मधोमध ती थरथरणारी जेली.

एमेटनं पहिलं पान काढलं. "नवा गुडघा."

"वर्लिन!" सगळे एकदम म्हणाले. त्याचं ऑपरेशन उन्हाळ्यात झालं होतं.

"ज्यांनी मला काही काम नसताना फोन केला ते सगळे," सॉल्वेगनं पुढचं वाचलं. आर्लननं घसा खाकरला आणि खिडकीबाहेर बघितलं. बूनच्या पानावर चित्र होतं, शेजारच्यांच्या कुत्र्याचं. मग एमेटनं आणखी एक काढलं, उलटसुलट करून पाहिलं.

"याच्यावर काहीच नाही."

"माझं आहे ते," टीगन म्हणाली.

"लिहायचं विसरलीस?"

"नाही."

काट्या-चमच्यांचा आवाज थांबला. आर्लन मनाचा वाईट नाही, पण त्याला शांतता सहन होत नाही. तो म्हणाला, "पोरी, डोक्यावर छप्पर आहे, ताटात टर्की आहे. ही मार्लिस तुमच्यासाठी एवढं करते. निदान तिचे तरी आभार मानावेत माणसानं."

टीगननं काटा खाली ठेवला.

"आर्लन," मी म्हटलं, "ग्रेव्ही इकडे दे." त्यानं दिली. "आता ऐक. या घरात माझे आभार कोणी हुकमावरून मानायचे नाहीत. तिनं पान कापलं, टांगलं, आणि विचारल्यावर खरं सांगितलं. मला तेवढं पुरे आहे. एमेट, ते परत लाव फांदीला."

एमेटनं लावलं. तरी टेबलावरचा गारवा काही गेला नाही. तेव्हा मी ठरवलं की आज पाण्यात आपणच आधी उतरायचं.

"दरवर्षी आपण गोडगोड तेवढंच वाचतो," मी म्हटलं. "आज उलटं करू. कशाबद्दल आभार मानायचे नाहीत, ते प्रत्येकानं सांगायचं. मी सुरुवात करते. आर्लनच्या जेलीबद्दल मी आभार मानत नाही. इतकी वर्षं गिळतेय, पण तिच्यात गाजर कशाला हे मला आजवर कळलेलं नाही."

सॉल्वेगला ठसका लागला. आर्लन लाल झाला. "ती इंग्रिडची जेली आहे!"

"इंग्रिडलाही आवडत नव्हती. याच स्वयंपाकघरात मला म्हणाली होती, आर्लनला आवडते म्हणून करते."

"मला?" आर्लनचा आवाज चढला. "ती करते म्हणून मी खायचो!"

मग आर्लनच हसायला लागला. पोट हलेपर्यंत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "म्हणजे चाळीस वर्षं आम्ही दोघांनी..." त्याला पुढचं बोलता येईना. सॉल्वेगनं त्याच्या पाठीवर थोपटलं.

"टर्की कोरडी झालीय," वर्लिन म्हणाला.

"वर्लिन!"

"तू विचारलंस."

"मोठी माणसं भेटली की 'शाळा कशी चाललीय' विचारतात ना, त्याचे मी आभार मानत नाही," एमेट म्हणाला. "कोणाला उत्तर ऐकायचंच नसतं."

मग बून खुर्चीवर उभा राहिला. "मला नाही आवडलं की आपण वर जेवतोय."

"वर म्हणजे?"

"टेबलावर! थँक्सगिव्हिंगला टेबलाखाली जेवतात. तुम्ही सगळं चुकीचं केलंय."

"बून, गप्प बस," टीगन म्हणाली.

"पण आई नेहमी..."

"गप्प बस म्हटलं ना!"

आता ती कानांपर्यंत लाल झाली होती. मी तिच्याकडे बघितलंच नाही. लेफ्सेला लोणी लावत बूनला विचारलं, जसा एखादा रस्ता विचारावा तसं, "टेबलावरून चादर सोडायची का मग?"

"दोन! आणि टॉर्च."

"एकच चादर होती," टीगन म्हणाली. तिला चूक सहन होत नाही, हे एव्हाना मला कळलं होतं. "दुसरं ब्लँकेट होतं." मग ताटाकडे बघत ती भराभर बोलली, "पैसे नसायचे म्हणून घरातलं हीटिंग बंद केलेलं असायचं. आई म्हणायची, आपण तंबूत राहायला आलोय. आत तिघं बसली की ऊब यायची. मॅकरोनी असायची, पातेल्यातच. एकदा तर चमचा एकच होता. ते काही खरं थँक्सगिव्हिंग नव्हतं."

"मॅकरोनी कशी असायची?" मी विचारलं.

"चांगली." मग जरा थांबून, "खूप चांगली."

"बरं. आता मला सांग, हे टेबल एवढं आहे आणि आपण सात जण. भोपळ्याची गोड पाई खायला आत मावू का?"

तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिची थट्टा करतेय. "तुम्ही खरंच बसणार?"

"मी अख्ख्या गावासमोर पाण्यात तोंड घालून बुडबुडे काढते. टेबलाखाली बसायची लाज वाटेल मला?"

टीगन उठली. टेबलक्लॉथ उचलून वाकून आत पाहिलं, हातानं अंदाज घेतला. सरळ उभी राहिली तेव्हा ती वेगळीच मुलगी होती.

"ताटं आधी उचलायची," ती म्हणाली. "मग चादरी, गडद रंगाच्या. उशा पण लागतील. आणि हे आधी आत जातील." तिनं आर्लनकडे बोट केलं. "हे दाराशी बसले तर बाकीच्यांना जाता येणार नाही."

"मी नाही हं," आर्लन म्हणाला. "माझी पँट इस्त्रीची आहे."

"मग तुम्हाला पाई नाही."

आर्लननं माझ्याकडे बघितलं. "मार्लिस?"

"माझ्याकडे काय बघतोस? ती सांगेल तसं."

आर्लन गुडघ्यांवर बसला आणि कण्हत, पुटपुटत आत गेला. त्याच्या मागोमाग एमेट, मग सॉल्वेग. वर्लिनचा नवा गुडघा काही पुरता वळेना, म्हणून तो आडवा झाला. त्याचे पाय तंबूबाहेर राहिले आणि आमची मांजर त्यांवर जाऊन बसली. मी भोपळ्याची पाई आणि फेटलेली साय पुढे सरकवत रांगत आत शिरले. टीगननं शेवटी ब्लँकेटची कड आतून दाबली आणि टॉर्च लावला.

त्या टेबलावर मी हजारो वेळा जेवले असेन, पण त्याची खालची बाजू कधी पाहिली नव्हती. कडेला वाळलेल्या च्युइंगमची रांग होती.

"सॉल्वेग!" मी म्हटलं.

"मी तेव्हा सहा वर्षांची होते, आई."

ताटल्या आणायच्या राहिल्या होत्या. आम्ही थेट भांड्यातूनच खाल्लं, कोपरं एकमेकांच्या बरगड्यांत खुपसत. आर्लनच्या नाकाला साय लागली आणि हात मोकळा करायला जागाच नसल्यामुळे ती तशीच राहिली. बून त्याच्या मांडीवर बसला होता. कोणी बसवला नव्हता, आपला आपण गेला होता.

"आता कुजबुजायचं," बूननं जाहीर केलं. "आज काय चांगलं झालं ते शेजारच्याच्या कानात सांगायचं. फक्त त्यालाच. मोठ्यानं बोललं की तंबू पडतो."

मग तंबूभर कुजबूज सुरू झाली. वर्लिननं सॉल्वेगला काय सांगितलं कोण जाणे, तिनं त्याच्या केसांतून हात फिरवला. माझ्या शेजारी टीगन होती. मी पाई खात राहिले. मग तिचं गरम तोंड माझ्या कानाशी आलं.

"बून आता रात्री उठत नाही," ती कुजबुजली. "तू दिवा चालू ठेवतेस म्हणून."

मी तिच्या कानात सांगितलं, "तू तंबू छान बांधतेस." तिनं मान डोलावली. ते तिला ठाऊकच होतं.

शनिवारी त्यांच्या आईच्या, कोरीनच्या, फोनची वेळ होती. टीगन खोलीत फेऱ्या मारत बोलत होती. "सात जण, आई. हो, मोठी माणसं. नाही गं, त्यांना नीट बसता येत नाही, पण ऐकतात." मग तिनं फोन माझ्याकडे दिला.

कोरीनचा आवाज बारीक झाला होता. "तिनं तुम्हाला हीटिंगचंही सांगितलं ना?"

"सांगितलं," मी म्हटलं. "तंबूचंही सांगितलं. थंडीत दोन लेकरांना ऊब कशी द्यायची हे तुम्हाला सुचलं, आणि त्याचा सण केलात. तो सण आता आमच्या घरात आलाय. तुम्ही तब्येतीकडे बघा. मुलं नीट आहेत, आणि तुमचीच आहेत."

ती थोडी रडली. मग नाक ओढत तिनं विचारलं, "आणि ते जाडे आजोबा खरंच आत गेले?"

"गेले. बाहेर काढायला तिघं लागलो."

यावर ती हसली. टीगनसारखंच हसते, एकदम आणि थोडक्यात.

कोरीन वसंतात केंद्रातून बाहेर पडली, एका बेकरीत लागली, आणि शाळा संपल्यावर कोर्टानं मुलं तिच्या ताब्यात दिली. ती न्यायला आली त्या दिवशी बून सगळ्यांच्या गळ्यात पडला, मांजरीच्यासुद्धा. टीगननं मात्र माझ्यापुढे हात केला, मोठ्या माणसासारखा. मीही तो तसाच हातात घेऊन हलवला.

"नोव्हेंबरमध्ये आम्ही तिघं येतोय," ती म्हणाली. "आईला विचारलंय. मॅकरोनी आम्ही आणू."

"मोठं पातेलं आणा. आर्लन येणार आहे."

गाडी वळणाआड गेली. वर्लिन पायरीवर उभा होता. "चांगली मुलगी आहे," तो म्हणाला. त्याच्या मानानं हे भाषणच.

"आहेच," मी म्हटलं, आणि आम्ही कॉफी करायला आत गेलो.